मयताच्या दिवशीचं वायफाय

आमच्या वसाहतीत दर महिन्याच्या एक तारखेला वायफायचा पासवर्ड बदलतो. तो मीच बदलते. मग चोवीस चिठ्ठ्या लिहायच्या, घरोघर द्यायच्या, आणि ज्यांना तो फोनमध्ये घालता येत नाही त्यांना घालून द्यायचा. चार-पाच जण सोडले तर कोणालाच येत नाही.

ही निवृत्त लोकांसाठी बांधलेली दोन मजली इमारत आहे, सोलापूर शहराच्या जरा बाहेर, होटगी रस्त्यावरून आत. चोवीस छोटी घरं, मधे अंगण, एक सामाईक स्वयंपाकघर, एक हॉल आणि फाटकाला लागून माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे टेबल, कपाट, संगणक आणि भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारा वायफायचा डबा. मोबाईलची रेंज फाटकापर्यंत चांगली येते, आत येत नाही. घरांमधून साधा फोन कसाबसा लागतो, समोरच्याचा चेहरा दिसेल असा कॉल लागत नाही. म्हणून वायफाय सगळ्यांचं मिळून एक.

सुरुवातीला मी पासवर्ड तोंडी सांगायचे. शेवटचे आकडे इंग्रजीत. तीन नंबरच्या घरात राहणारे सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत आणि वसाहतीच्या कमिटीचे सचिव आहेत. ते मला मधेच थांबवायचे.

"सिक्स्टी नाइन नको. मराठीत म्हण की."

एकोणसाठ का एकोणसत्तर, ते मला अजूनही मनात जुळवून बघावं लागतं.

"इंग्लिश मीडियम," सर शेजारच्यांना सांगायचे, जसं कोणाला साखरेचा आजार आहे असं हळूच सांगतात तसं. "पोरीचा काही दोष नाही."

म्हणून चिठ्ठ्या. लिहिलं की बोलावं लागत नाही. मला ते बरं पडलं.

ऑफिसच्या संगणकावर एक यादी दिसते. वायफायला जोडलेला प्रत्येक फोन त्यात असतो, चालू असेल तर नावापुढे हिरवा ठिपका येतो. पहिल्यांदा मी ती उघडली तेव्हा त्यात भलतीच नावं होती, कारण बहुतेकांचे फोन मुलांनी किंवा नातवांनी वापरून दिलेले. मी ती सगळी काढली आणि घरांचे नंबर लिहिले. आता यादीत फक्त आकडे आहेत. मी नऊला कामावर येते, तोवर तीनचा ठिपका लागलेला असतो. अकरा नंबरच्या मावशी दुपारी झोपत नाहीत, झोपते असं सांगतात. बाविसाव्या घरी रविवारी पाहुणे येतात आणि दोन तासांत जातात. हे मी कोणाला बोलले नाही. मला कोणी विचारलंही नाही.

ही नोकरी मी धरली ती वडील गेल्यानंतर. त्याआधी पुण्यातल्या एका कंपनीचं काम भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीतून करायचे. वडील गेले, महिनाभरात मी ते काम सोडलं. त्यानंतर मला फारसं काही वाटायचं नाही. ही तक्रार नाही. जेवण लागायचं, झोप लागायची, आई बोलायची ते ऐकू यायचं. सगळं एका जाड चादरीच्या पलीकडून यायचं, इतकंच.

चौदा नंबरच्या घरात ज्या आजी राहतात त्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. विणकराच्या घरातल्या, घरची भाषा तेलुगू. आई लवकर गेली आणि मोठ्या बहिणीनं त्यांना वाढवलं. बहीण मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, पुढं मागावर बसायची आणि हिला शिकायला पाठवायची. ही सगळी माहिती मला एका बैठकीत मिळाली नाही. एक तारखेला एक, पुढच्या एक तारखेला दुसरी, अशी मिळाली, मी त्यांच्या फोनमध्ये पासवर्ड घालत असताना.

बहीण आता सुरतेला मुलाकडे असते. तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. ऐकू येतं, बघते, डोळे मिटून हो म्हणते. साध्या फोनचा उपयोग नाही, कारण फोनवर नुसती शांतता. म्हणून रोज सकाळी अकरा वाजता तिची सून कामं आवरून फोन लावते आणि सासूच्या तोंडासमोर धरते. दहा मिनिटं. इकडे आजी बोलतात, गातात, तिकडे अक्का डोळे मिटते आणि उघडते.

पहिल्यांदा कॉल जोडून द्यायला मीच गेले होते. फोन कुठं टेकवायचा ते आजींना कळेना. मी तांदळाच्या डब्याला टेकवून दिला. पडद्यावर एक म्हातारी बाई उशीला टेकून होती, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"ही माझी अक्का," आजी म्हणाल्या. मग पडद्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तिला सांगितलं, ही वायफायवाली पोरगी आहे. बोलत नाही, तुझ्यासारखीच."

पडद्यावरच्या बाईनं डोळे मिटले आणि उघडले.

त्यानंतर मी गेले नाही. पण रोज अकराच्या सुमाराला यादीत चौदाचा ठिपका बघायची मला सवय लागली. ठिपक्याशेजारी किती नेट खर्च होतंय त्याचा आकडा येतो. कॉल चालू असला की तो भराभर वाढतो. दहा-बारा मिनिटं वाढायचा आणि थांबायचा. थांबला की मी चहा घ्यायचे.

आता मयताच्या दिवसाबद्दल लिहायला हवं, कारण बाहेरच्या कोणाला ते पटणार नाही.

मी लागले त्या पहिल्याच महिन्यात वसाहतीत एक जण गेले. सगळे अंगणात जमले. मयत उचलेपर्यंत चूल पेटवायची नाही असं कोणीतरी म्हणालं. ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण इथं एकच स्वयंपाकघर, आणि निम्म्या लोकांना पोटात काही घालून गोळी घ्यावी लागते. सर म्हणाले, "चूल बंद ठेवली तर संध्याकाळपर्यंत आणखी दोघं जातील." कोणी हसलं नाही, पण म्हणणं खरं होतं. चूल चालू ठेवायची ठरली. टीव्ही बंद केला. तरी लोकांना ते पुरेसं वाटेना. माणूस गेलंय आणि घर नेहमीसारखं चाललंय, असं काहीतरी सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तेव्हा चौदा नंबरच्या आजी बोलल्या. "आमच्या गल्लीत मयत झालं की माग बंद ठेवायचे. एकाच्या घरी झालं तरी सगळ्यांचे. गल्लीतून नेईपर्यंत एक माग चालायचा नाही. दिवसभर जे चालू असतं तेच थांबवायचं असतं."

"इथं कुठले माग?" कोणीतरी म्हणालं.

आजींनी ऑफिसच्या उघड्या दारातून भिंतीवरच्या डब्याकडे बोट केलं. "ते काय. दिवसभर चालू असतं की."

सगळ्यांनी त्या हिरव्या दिव्यांकडे बघितलं. मग सरांनी माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन वायफाय बंद केलं.

तेव्हापासून ते चालत आलं. तो नियम कुठं लिहिलेला नाही. वसाहतीत कोणी गेलं की सफाईच्या मावशी आधी माझ्याकडे येतात. त्यांचं बोलणं ठरलेलं. "ताई, बंद करा." संगणकावर सगळ्यांचं एकदम बंद करायची सोय आहे. ठिपके एकदम करडे होतात. मग कोणी फोन हातात धरत नाही, सगळे बाहेर येऊन बसतात. उचलून नेलं की मी पुन्हा चालू करते. आधीच्या तीन वेळा सगळं दोन-तीन तासांत आटोपलं होतं, तेही दुपारी. अकराच्या आड कधी आलं नव्हतं.

आजी मागांविषयी बोलल्या तेव्हा मीही काही सांगू शकले असते. वडील गेले त्या दिवशी मी वरच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून कंपनीच्या मीटिंगमध्ये होते. आमच्या गल्लीत आता चार-पाचच माग उरलेत, पण त्यांची खटखट सकाळपासून सुरू असते. इतकी नेहमीची की ऐकू येत नाही. मीटिंग संपली, हेडफोन काढले, आणि खटखट नव्हती. वीज गेली असेल म्हणून मी पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता. मग मी जिना उतरले. खाली दारात चपलाच चपला होत्या. आईनं मला हाका मारल्या होत्या, म्हणे. गल्लीतल्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं.

हे मी सांगितलं नाही.

सहा नंबरचे काका गेले ते पहाटे, झोपेत. मी नऊला पोचले तेव्हा सफाईच्या मावशी फाटकातच उभ्या होत्या.

"ताई, सरांनी तुमची वाट बघून त्यांच्याकडच्या किल्लीनं ऑफिस उघडून लायटीचं बटणच बंद केलंय वायफायचं. आता तुमी नीट बंद करून घ्या. दिवसभर लागंल."

"दिवसभर?"

"व्हय. पोरगं बंगळूरहून निघालंय गाडीनं. पाच वाजतील यायला. मयत ठेवायला थंड पेटी मागवलीया."

मी ऑफिस उघडलं, भिंतीवरचं बटण चालू केलं आणि संगणकावरून सगळ्यांचं वायफाय बंद केलं. बाहेर अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सहा नंबरच्या काकू दाराच्या आत, पेटीजवळ बसल्या होत्या. त्या आणि काका दोघंच राहायचे. काकू रडत नव्हत्या. एका हातानं पेटीच्या काचेवरचं दव पुसत होत्या, पुन्हा दव धरलं की पुन्हा पुसत होत्या.

चौदा नंबरच्या आजीही बसल्या होत्या, पुढच्या रांगेत. मला बघून त्यांनी मान हलवली.

आदल्या दिवशी त्या ऑफिसात येऊन गेल्या होत्या. चष्मा हातात. "आज अक्कानं डोळे उघडलेच नाहीत," म्हणाल्या. "सून म्हणते झोपल्या असतील. बोलले, गायले. नाही उघडले. तुझ्याकडून नेट बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," मी म्हणाले.

"मग झोपलीच असेल." थोडं थांबून म्हणाल्या, "नर्सला असं झोपणं कळतं. पण फोनवरून कळत नाही."

म्हणजे आज त्यांना अकरा वाजता काय बघायचं होतं ते मला माहीत होतं. आणि त्या मागणार नाहीत, हेही मला माहीत होतं. नियम त्यांचाच होता.

साडेदहाला त्या खुर्चीवरून उठल्या. गुडघे धरून, हळूहळू, आपल्या घरात गेल्या. दार लोटून घेतलं. रोज त्या याच वेळी जातात, डब्याला फोन टेकवून ठेवतात. मला वाटतं पाय आपोआप गेले असतील.

मी बरंच काही करू शकले असते. त्यांना ऑफिसात बोलावून माझ्या फोनवरून कॉल लावून देता आला असता, फाटकापाशी रेंज असते. पण त्यासाठी अंगणातून, त्या सगळ्या खुर्च्यांसमोरून चालत जावं लागलं असतं, चौदाचं दार वाजवावं लागलं असतं, काय ते सांगावं लागलं असतं, आणि कोणीतरी विचारलं असतं, काय गं, काय झालं. सरांनाही विचारता आलं असतं. ते बहुतेक हो म्हणाले असते. पण विचारावं लागलं असतं.

संगणकावर एकेका फोनला परवानगी देता येते. अकराला पाच कमी असताना मी चौदासमोर खूण केली. तिथला ठिपका हिरवा झाला. बाकी सगळे करडे, एक हिरवा. मला कोणाशीही बोलावं लागलं नाही.

बरोबर अकराला चौदाशेजारचा आकडा वाढायला लागला. मी त्याकडे बघत बसले.

दोन-तीन मिनिटं झाली असतील. मग गाणं ऐकू आलं.

आजींचा आवाज तसा मोठाच, आणि त्या दिवशी इमारत अगदी शांत होती. टीव्ही नाही, फोन नाही, कोणी मोठ्यानं बोलत नाही. तेलुगूतलं गाणं होतं, कांड्या भरताना म्हणायचं, त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी जरा भराभर. मधेच त्या थांबल्या. आणि हसल्या. खूप दिवसांनी आलेल्या माणसाला दारात बघून हसतात तसं. मग पुन्हा गाणं, आणखी मोठ्यानं.

अंगणातल्या खुर्च्या एकेक करून चौदाकडे वळल्या.

"कोण गातंय?"

"चौदा."

"अहो, पेटी ठेवलीय इथं."

"नियम काढायला पुढं ह्याच होत्या की."

सर उठले आणि चौदाच्या दारापर्यंत गेले. दार वाजवलं नाही. नुसते उभे राहिले, वर्गात गोंधळ चालू असताना दारात उभं राहतात तसे. गाणं थांबलं. थोड्या वेळानं दार उघडलं. आजींच्या हातात फोन होता, त्यावर अजून उजेड होता.

"फोन आला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं..." त्यांनी ऑफिसकडे बघितलं. खिडकीतून त्यांना मी दिसत असणार. मी चौदासमोरची खूण काढून टाकली. का, ते माहीत नाही. कॉल तर संपला होता.

मुलगा साडेपाचला पोचला. सहाला नेलं. सगळे गेल्यावर मी वायफाय चालू केलं आणि घरी गेले. आईनं विचारलं, "उशीर?" मी म्हणाले, "कोणीतरी गेलं." आईनं माझ्या अंगावर पाणी शिंपडलं आणि जेवायला वाढलं.

तेरावं झाल्यावर कमिटीची बैठक हॉलमध्ये भरली. मला वहीत लिहून घ्यायला बसवतात. मी इंग्रजीत लिहिते, सर नंतर मराठी करतात. दिवाबत्तीचा विषय झाला, पाण्याच्या टाकीचा झाला. मग सर म्हणाले, "सहा नंबरच्या दिवशी एकाच घरात वायफाय चालू राहिलं. यंत्राची चूक होती का?"

यंत्राची चूक म्हणावं म्हणून त्यांनी मला वाट करून दिली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी वहीत बघत राहिले. पेनाचं टोक कागदावर होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत होता.

"यंत्राची नाही," चौदा नंबरच्या आजी म्हणाल्या. "मीच तिला सांगितलं, माझं तेवढं चालू ठेव म्हणून. ती लहान आहे. मोठ्या माणसानं सांगितल्यावर नाही कसं म्हणेल?"

"तुम्ही?" अकरा नंबरच्या मावशी म्हणाल्या. "मागांचं तुम्हीच सांगितलं होतं आम्हाला."

"सांगितलं होतं."

"मग तुमच्या गल्लीत असं एकानंच माग चालवला तर काय करायचे?"

"त्याच्याकडचं पाणी प्यायचे नाहीत," आजी म्हणाल्या. "वर्षभर."

त्या मस्करी करत नव्हत्या. सर म्हणाले, इतकं काही नको, झालं ते झालं, पुढचा विषय. मी वहीत पुढचा विषय लिहिला.

त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. हे वाक्य मला तिथं म्हणायचं होतं. पाच-सहा शब्दांचं वाक्य आहे. मी ते मनात मराठीत जुळवून ठेवलं, बैठक संपेपर्यंत.

त्यानंतर पाणी प्यायचं कोणी सोडलं नाही. पण संध्याकाळी अंगणात आजींच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. पत्त्यांचा डाव त्यांना न बोलावता सुरू व्हायचा. आजींनी अकराचा कॉल चालू ठेवला, खिडक्या बंद करून. गाणं बाहेर ऐकू येईनासं झालं. यादीत आकडा वाढायचा आणि थांबायचा.

महिन्याच्या एक तारखेला मी चिठ्ठी घेऊन गेले. त्यांनी फोन पुढं केला, मी पासवर्ड घातला.

"आजी, तुम्ही मला सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"माहीत आहे की मला."

"मग तसं का म्हणालात?"

"तू बोलली असतीस का?"

मी फोन त्यांच्या हातात परत दिला.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी अक्कानं डोळे उघडले. गाणं तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा उघडले. मला ते दिसलं. खुर्चीचं एवढं काय."

त्या हे अगदी सरळ म्हणाल्या. मी परत ऑफिसात आले. दुपारी दोनच्या सुमाराला मी उठले, अंगण ओलांडलं आणि सहा नंबरचं दार वाजवलं. ज्यांच्याशी मी बोलायला हवं होतं त्या काकू होत्या, सर नाहीत, असं मला वाटलं. अंगणात तेव्हा कोणी नव्हतं, हेही खरं.

काकूंनी दार उघडलं. त्यांना वाटलं मी पासवर्ड घालायला आले. काकांचा आणि स्वतःचा, दोन्ही फोन त्यांनी माझ्यापुढं धरले.

"मी चालू केलं होतं," मी म्हणाले. "काका गेले त्या दिवशी. चौदाच्या आजींनी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतही नव्हतं."

काकूंनी खुर्ची पुढं सरकवली. "बस," म्हणाल्या. मी बसले. त्या समोर बसल्या.

"गाणं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "राग आला. सहा वाजेपर्यंत राग होता. नंतर तेवढंच आठवत राहिलं त्या दिवसातलं. बाकी काचच आठवते." मग म्हणाल्या, "सर्वांसमोर सांगशील?"

"नाही जमणार."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन माझ्या हातात दिले. मी दोन्हींत पासवर्ड घातला, काकांच्याही. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं, नकोही म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी निघताना बघितलं. काकू चौदा नंबरच्या आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. काकू तिथं बसल्या म्हटल्यावर बाकीच्यांना काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. अकरा नंबरच्या मावशींनी पत्ते वाटले, पाच जणांना.

अक्का गेली ती पुढच्या उन्हाळ्यात. सकाळी नऊ-सव्वानऊ झाले असतील, मी नुकतीच येऊन संगणक लावत होते. आजी दारात उभ्या राहिल्या. साडी नेहमीसारखी नीट, चष्मा डोळ्यांवर.

"आज बंद कर," म्हणाल्या.

मी उठून उभी राहिले.

"सुरतेहून साधा फोन आला होता. दुपारी नेणार आहेत." त्या टेबलाला धरून उभ्या होत्या. "सगळ्यांचं नको. ती इथली नव्हती. लोकांना कशाला. फक्त माझं."

"आजी, चालू ठेवलं तर दिसेल तुम्हाला. ते फोन धरतील. शेवटचं."

"धरतो म्हणाले. मी नको म्हटलं." त्यांनी भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं. "डोळे मिटलेले मी बघितलेत तिचे. बंद कर. कोणाला सांगू नको."

मी यादी उघडली. चौदासमोरची खूण काढली. बाकीचे हिरवे होते, एक करडा. आजी टेबलाच्या या बाजूला येऊन पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हा मी का?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

अकरा वाजले. बाहेर अंगणात कोणीतरी मोठ्यानं व्हिडिओ लावला होता, पाककृतीचा. सर फोनवर भाच्याला हिशेबाचं काही समजावत होते. सगळं चालू होतं. मी करड्या ठिपक्याकडे बघत बसले. चहा घेतला नाही. बाकी कोणाला माहीत नव्हतं, म्हणून बसायला मीच होते. मला घरची वरची खोली आठवली, आणि फिरणारा पंखा. गल्लीतल्या त्या चार-पाच मागवाल्यांनी त्या दिवशी बटणं बंद केली आणि ते तसेच मागांशेजारी बसून राहिले असतील, आमचे वडील नेईपर्यंत. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांचा विचार मनात आला.

मग मी उठले आणि अंगण ओलांडून चौदाचं दार वाजवलं. आजी पलंगावर बसल्या होत्या. तांदळाचा डबा जागेवर होता, फोन त्याला टेकवलेला, काळा. मी त्यांच्याजवळ बसले.

तीनच्या सुमाराला साधा फोन वाजला. त्यांनी उचलला, तेलुगूत दोन शब्द बोलल्या आणि ठेवला.

"नेलं," म्हणाल्या. "आता लाव."

मी ऑफिसात जाऊन खूण केली. चौदा हिरवा झाला. शेजारचा आकडा शून्यावर होता आणि तसाच राहिला. पाच वाजता मी संगणक बंद केला.